छिंगमिंगचं आमंत्रण आलंय? पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी: पूर्वजांचं ताट, थंड जेवण आणि कबरीवरची रीत

शांघाय, सिंगापूर, पेनांग किंवा तैपेईला नोकरीशिक्षणासाठी गेलेल्या मराठी माणसाला चिनी नववर्षाच्या जेवणाचं बोलावणं बहुतेकदा पहिल्याच वर्षी येतं. छिंगमिंगचं, म्हणजे पूर्वजांच्या कबरींवर जायच्या चिनी सणाचं, सहसा येत नाही. हा दिवस घरातल्या गेलेल्या माणसांचा, त्यामुळे तिथे बाहेरच्यांना फारसं बोलावत नाहीत. सासर चिनी असेल, घरमालकीणबाईंशी जिव्हाळा जमला असेल किंवा जवळच्या मित्राने "आमच्या आजोबांच्या कबरीवर येतोस का?" असं विचारलं असेल, तर तो मोठा मान समजा आणि नक्की जा. तयारी मात्र करून जा.

एक गोष्ट लक्षात ठेवली की बाकीचं आपोआप उलगडतं. छिंगमिंग म्हणजे घरच्यांचं एकत्र जेवण, आणि त्यातली पहिली पंगत गेलेल्यांची असते. जागा झाडायची, पानं मांडायची, वाढायचं, त्यांचं जेवण होईपर्यंत थांबायचं आणि मग आपण बसायचं. उदबत्ती, कागद, नमस्कार हे सगळं या क्रमात बसतं.

आपल्याला साहजिकच पितृपक्ष आठवतो. आठवू द्या, पण त्याच चौकटीत सगळं कोंबू नका. इथे बहुतेक घरांत पुरोहित लागत नाही, घरातलीच मोठी माणसं सगळं करतात. आणि पितृपक्षात आपण नवं काही करत नाही, तर छिंगमिंग हा वसंतात बाहेर पडायचाही दिवस आहे. कबरीवरून उतरलेली मुलं त्याच टेकडीवर पतंग उडवताना दिसली, तर त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

तारीख आणि वेळ

बहुतेक चिनी सण चांद्र तिथीने येतात, म्हणून दर वर्षी पुढेमागे सरकतात. छिंगमिंग सूर्यावर चालतो. वर्षाच्या चोवीस सौर टप्प्यांपैकी हा पाचवा, वसंतसंपातानंतर साधारण पंधरा दिवसांनी येणारा. त्यामुळे तो ४ किंवा ५ एप्रिललाच पडतो. २०२५ मध्ये तो ४ तारखेला होता, २०२६ आणि २०२७ मध्ये ५ तारखेला. चीनमध्ये २००८ पासून या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते. हाँगकाँग, मकाव आणि तैवानमध्येही असते. सिंगापूर-मलेशियात राष्ट्रीय सुट्टी नाही, म्हणून तिथली कुटुंबं आधीच्या दहा आणि नंतरच्या दहा दिवसांतला एखादा शनिवार-रविवार धरतात. हॉकियन, म्हणजे फूच्येन प्रांताकडची बोली, बोलणारी मंडळी याला चेंगबेंग म्हणतात, तेव्हा नाव वेगळं ऐकू आलं तरी गोंधळू नका.

निघायची वेळ पहाटेची असते. या काळात स्मशानांकडे जाणारे रस्ते तुंबतात. शांघायच्या कितीतरी घरांच्या कबरी शेजारच्या सूचौमध्ये आहेत, त्यामुळे त्या वाटेवर सुट्टीत मोठी गर्दी होते. "साडेपाचला खाली ये" असं सांगितलं असेल, तर सव्वापाचला उभे राहा. मोठ्यांना ताटकळत ठेवणं कुठल्याच दिवशी बरं नाही, या दिवशी तर मुळीच नाही.

चूल का थंड असते

ताटातले बरेच पदार्थ गार खायचे का असतात, याचं उत्तर छिंगमिंगला येऊन मिळालेल्या हानशी या जुन्या सणात आहे. हानशी म्हणजे विस्तव न पेटवता आधी केलेलं खायचा दिवस. त्यामागची कथा प्राचीन चीनमधल्या जिन राज्याची. राजपुत्र परागंदा होऊन वणवण फिरत होता आणि उपासमार झाली, तेव्हा जिए झितुई या सेवकाने स्वतःच्या मांडीचं मांस शिजवून त्याला वाढलं. पुढे इसवी सनापूर्वी ६३६ मध्ये राजपुत्र गादीवर बसला. सगळ्यांना बक्षिसं मिळाली, झितुई मात्र राहिला. तो काही मागायला गेला नाही, आईला घेऊन म्यानशान डोंगरात निघून गेला. राजाला चूक उमगली. झितुई बाहेर यावा म्हणून कुणाच्या तरी सल्ल्याने डोंगराला आग लावली गेली, आणि मायलेकरं एका वाळुंजाच्या झाडाखाली जळालेली सापडली. त्या दिवशी कुणी चूल पेटवायची नाही, असं राजाने फर्मान काढलं. ही आख्यायिका आहे, पण शान्सी प्रांतात ती आजही पिठातून घडवली जाते. तिथल्या बायका कणकेचे छोटे भिंगरी पक्षी करून वाफवतात आणि फांद्यांवर ओवून ठेवतात. त्या पक्ष्यांना झितुईचंच नाव आहे.

थांग घराण्याचा सम्राट श्वानझोंग याने ७३२ साली हानशीच्या दिवशी कबरीवर जाण्याला अधिकृत मान्यता दिली. हळूहळू हानशी मागे पडला, त्याची रीत छिंगमिंगमध्ये मिसळली आणि गार पदार्थ तेवढे राहिले.

आधी विचारा: घर मूळचं कुठलं?

"चिनी लोक छिंगमिंगला काय खातात?" या प्रश्नाला एक उत्तर नाही. कोकणातलं आणि विदर्भातलं सणाचं ताट जितकं वेगळं, त्याहून इथला फरक मोठा आहे. म्हणून यजमानांना आधी मूळ गाव विचारा. हा प्रश्न त्यांना आवडतो आणि तुम्हाला निम्मी माहिती तिथेच मिळते.

शांघाय, सूचौ, हांगचौ या पट्ट्यातलं घर असेल तर छिंगथुआन असणारच. हे चिकट तांदळाच्या पिठाचे हिरवेगार गोळे, आत छोट्या लाल कडधान्याचं गोड सारण. हिरवा रंग कोवळ्या गवताच्या किंवा दवण्याच्या कुळातल्या एका रानवनस्पतीच्या रसाचा. अलीकडे खारवलेल्या अंड्याचा बलक आणि डुकराच्या मांसाचा सुका कीस भरलेले गोळेही फार खपतात. २०१६ मध्ये शांघायच्या शिंगह्वालोउ या जुन्या दुकानापुढे त्यांच्यासाठी मोठ्या रांगा लागल्या होत्या. माझं मत विचाराल तर गोड सारणाचेच खरे. याच भागात नदीतल्या गोगलगाईही खातात. विणीच्या हंगामाआधी त्या भरलेल्या असतात, म्हणून "छिंगमिंगची गोगलगाय हंसाच्या तोडीची" अशी म्हण आहे.

फूच्येन किंवा तैवानकडचं घर असेल तर रुनबिंग. सिंगापूर-मलेशियात त्यालाच पोपिया म्हणतात. कागदासारखी पातळ पोळी मधोमध ठेवायची आणि भोवती वाडगे मांडायचे: शिजवलेल्या कंदाचा किंवा कोबी-गाजराचा कीस, अंड्याच्या पोळीच्या पट्ट्या, कोथिंबीर, शेंगदाण्याचा कूट, कुठे समुद्री शेवाळ. तैवानात कुटात साखर मिसळतात. ज्याने त्याने आपली गुंडाळी आपण करायची असते, त्यामुळे नवख्या माणसाला घरात मिसळायला याइतकं सोपं जेवण नाही. पहिली गुंडाळी फाटतेच. कूट आधी पसरा आणि ओला कीस पिळून त्यावर घाला, म्हणजे दुसरी टिकेल.

क्वांगतुंग किंवा हाँगकाँगचं घर असेल तर भाजलेलं डुकराचं पिल्लू अख्खं डोंगरावर नेतात, कबरीपुढे ठेवतात आणि तिथेच सुऱ्याने तोडून वाटतात. मोठ्या कुळांत हे वाटप म्हणजे कुळातल्या हिश्शाचीच खूण. सोबत ऊस असतो. मुंबईत माझगावला १९१९ मध्ये सी युप कून मंदिर बांधणारी चिनी मंडळीही याच क्वांगतुंगमधल्या चार तालुक्यांच्या मुलखातली.

छिंगथुआन घरी करायचे असतील तर

रिकाम्या हाताने जाण्यापेक्षा स्वतः केलेले डझनभर गोळे नेणं चांगलं. साधारण १५ गोळ्यांचं प्रमाण देते.

चिकट तांदळाचं पीठ २०० ग्रॅम घ्या. पाकिटावर ग्लुटिनस राइस फ्लोअर लिहिलेलं हवं. मोदकाची पिठी इथे चालत नाही, गोळे तडकतात. गव्हाचं सत्त्व ५० ग्रॅम, साखर ३० ग्रॅम, तेल एक मोठा चमचा. रंगासाठी पालक २०० ग्रॅम. चिमूटभर खायचा सोडा घातलेल्या उकळत्या पाण्यात पानं अर्धा मिनिट बुडवून लगेच गार पाण्यात काढा, वाटा आणि गाळा. सुमारे १८० मिली रस हवा. मूळ रानवनस्पतीचा वास पालकाला येत नाही, पण रंग छान उतरतो आणि शहरातल्या घरांतही पालक सर्रास वापरतात.

सारणासाठी लाल चवळी रात्रभर भिजवा, कुकरमध्ये अगदी मऊ शिजवा, गाळून साखर आणि थोडं तेल घालून आटवा. कढई सोडून गोळा झाला की झालं. गार झाल्यावर २० ग्रॅमच्या गोळ्या वळून ठेवा.

सत्त्वावर ७० मिली उकळतं पाणी ओतून चमच्याने ढवळा. ते पारदर्शक चिकट होतं. वेगळ्या परातीत चिकट तांदळाचं पीठ, साखर आणि गरम केलेला हिरवा रस मिसळा, त्यात हे सत्त्व आणि तेल घालून मळा. रस सगळा एकदम ओतू नका, पीठ पाकिटागणिक वेगळं पाणी पितं. मऊ, न चिकटणारा गोळा झाला की ३५ ग्रॅमचे भाग करा, वाटी करून सारण भरा आणि तोंड बंद करून गोल वळा. मोदकपात्रात तेल लावलेल्या कागदावर अंतर ठेवून मांडा आणि १० ते १२ मिनिटं वाफवा. जास्त वेळ ठेवले तर गोळे बसतात. बाहेर काढताच वरून तेलाचा हात फिरवा आणि गार होऊ द्या. हे गारच खातात.

कबरीवरचा क्रम

इथे घाई करू नका, कारण खरा दिवस हाच असतो.

आधी हाताने काम. गवत उपटायचं, पाचोळा गोळा करायचा, दगड पाण्याने धुवायचा. दगडावरची अक्षरं फिकट झाली असतील तर घरातलं कुणीतरी बारीक कुंचल्याने ती पुन्हा रंगवतं. ते काम स्वतःहून घेऊ नका, कुंचला हातात दिला तरच घ्या. झाडू आणि बादली मात्र न विचारता उचला. पाहुण्याने नुसतं उभं राहू नये. झाडून झालं की काही घरांत रंगीत किंवा पिवळ्या कागदाच्या पट्ट्या कबरीवर दगडाखाली दाबून ठेवतात. घरच्यांनी येऊन काळजी घेतली, याची ती खूण.

मग पहिला मान पूर्वजांचा नाही, जागेच्या देवाचा. दक्षिणेकडच्या मोठ्या कबरींच्या बाजूला होउथू या भूमिदेवाचा छोटा दगड असतो. त्याच्यापुढे उदबत्ती आणि थोडं खाणं ठेवून त्याची परवानगी घेतली जाते.

त्यानंतर पूर्वजांचं ताट. अख्खी उकडलेली कोंबडी, डुकराचं मांस, मासा, भात, फळं, वाफवलेले गोड पदार्थ. गेलेल्यांना जे आवडायचं तेही असतं. आजोबांना कॉफी लागायची म्हणून प्लास्टिकच्या पिशवीतली कॉफी ठेवलेली सिंगापुरात पाहायला मिळते. चहा किंवा मद्याचे छोटे पेले ओळीने आणि प्रत्येकासाठी चॉपस्टिकची जोडी आडवी. भातात चॉपस्टिक उभी खुपसू नका. उदबत्तीसारखी दिसते, म्हणून एरवीच्या जेवणात तो मोठा अपशकुन मानतात.

उदबत्त्या बहुतेक घरांत तीन. वयाने मोठे आधी, लहान नंतर, पाहुणा सर्वांत शेवटी. दोन्ही हातांत उदबत्ती कपाळाशी धरून तीनदा वाकायचं आणि राखेत रोवायची. फुंकर मारून विझवू नका, हात हलवून ज्वाळा विझवा. मनातल्या मनात आपलं नाव सांगा, कुणाबरोबर आलात ते सांगा. मराठीत सांगितलं तरी चालतं. घरातली मोठी माणसं वर्षभराच्या बातम्या मोठ्याने सांगतात: नातू कुठे लागला, घर कुठे घेतलं. त्या वेळी शांत राहून ऐका.

मग थांबायचं. उदबत्ती निम्म्याहून जास्त जळेपर्यंत पहिली पंगत जेवते आहे, असं मानतात. सिंगापूर-मलेशियात अनेक घरी दोन नाणी टाकून विचारतात, "झालं का जेवून?" एक छापा, एक काटा पडला तर हो. दोन्ही सारखे पडले तर आणखी थोडं थांबायचं आणि पुन्हा विचारायचं. हा क्षण मला फार आवडतो. आजी जेवणात सावकाशच होत्या, असं म्हणत सगळे पुन्हा बसतात.

"हो" आल्यावर जॉस पेपर, म्हणजे पूर्वजांसाठीचे कागदी पैसे, जाळतात. ठरवून दिलेल्या धातूच्या पिंपातच जाळायचा. चीनमध्ये अनेक शहरांनी स्मशानांत जाळण्यावर बंदी घातली आहे, तिथे पांढरी-पिवळी शेवंती नेतात. फुलं न्यायची असतील तर हीच न्या. जळत्या कागदाला काठीने ढोसायचं काम घरच्यांचं.

शेवटी दुसरी पंगत, म्हणजे आपली. अन्न तिथेच किंवा घरी वाटून खातात. तैवानात कबरीवर अंडी सोलून टरफलं तिथेच टाकायची रीत आहे, जुनं कवच जाऊन नवं यावं म्हणून. सिंगापूर-मलेशियातल्या तेओचिउ (ही दक्षिण चीनमधलीच आणखी एक बोली) आणि हॉकियन घरांत शिंपल्या खाऊन कवचं कबरीवर पसरतात. ती पैशांची खूण. नवख्याला हा कचरा वाटतो, म्हणून ती गोळा करायला जाऊ नका.

कबर नसेल, कोनाडा असेल

सिंगापुरात जागा कमी. तिथे चालू असलेलं एकच मोठं दफनस्थान, चोआ चू कांग, आणि १९९८ पासून कबरीची मुदत १५ वर्षं. त्यामुळे बरीच घरं आता अस्थिकोनाड्यांच्या इमारतींत जातात. क्रम तोच, जागा चिमुकली. ताट सामाईक टेबलांवर मांडतात आणि मागे दुसरं कुटुंब थांबलेलं असतं. अशा वेळी मदत म्हणजे लहान मुलं सांभाळणं आणि रांग धरणं.

शाकाहारी असाल तर

आदल्या दिवशीच सांगा, कबरीवर नको. ताटापुढे नकार देणं यजमानांना अवघड वाटतं, कारण ते अन्न पूर्वजांचा प्रसाद आहे. बाजारच्या छिंगथुआनमध्ये डुकराची चरबी असू शकते आणि पोपियाच्या किसात बहुतेकदा कोळंबी असते, म्हणून "भाज्याच आहेत" यावर विसंबू नका, कशात शिजवलं ते विचारा. फळं, तोफू आणि वर फुटून फुललेला तांदळाचा केक सहसा निर्धास्त घेता येतो. तो जितका जास्त फुटलेला, तितकी भरभराट. काही बौद्ध घरांत सगळं ताटच शाकाहारी असतं. काहीच जमत नसेल तर एक संत्रं मागून घ्या, दोन्ही हातांनी घ्या आणि तिथेच सोलून खा. पंगतीत बसलात, हे महत्त्वाचं.

काय न्यावं, काय टाळावं

संत्री, सफरचंद, अननस न्या. पेअर नेऊ नका, ताटातुटीशी त्याचा संबंध लावतात. तैवानच्या घरी पेरू आणि टोमॅटोही नकोत. कपडे साधे, राखाडी, निळे, पांढरे. भडक लाल नको. बूट मळले तरी चालतील असे घाला आणि छत्री घ्या, या दिवसांत पाऊस नेहमीचाच. "सणाच्या शुभेच्छा" म्हणू नका. काही म्हणायचंच असेल तर "मला बोलावलंत, आभारी आहे" एवढं पुरे. दुसऱ्यांच्या कबरींवरून चालू नका, त्यांच्याकडे बोट दाखवू नका, आणि विचारल्याशिवाय फोटो काढू नका. गरोदर बाईला किंवा लग्न होऊन गेलेल्या लेकीला काही घरांत येऊ देत नाहीत, काहींत मुद्दाम बोलावतात. नुकत्याच गेलेल्या माणसाच्या कबरीवर बऱ्याच ठिकाणी इतरांआधी जातात. यावर वाद घालू नका, त्या घरची रीत तीच धरा.

परत आल्यावर कॅन्टोनीज, म्हणजे क्वांगतुंग-हाँगकाँगकडच्या, घरांत पपनसाची पानं घातलेल्या पाण्याने हात-तोंड धुतात. दाराशी ते भांडं दिसलं की तुम्हीही धुवा. सोबत बांधून दिलेलं अन्न नाकारू नका. छिंगथुआन फ्रिजमध्ये कडक होतात, म्हणून त्याच दिवशी संपवा. उरलेच तर दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं वाफवून घ्या. यजमानांचे डबे धुऊन परत द्यायला जाल तेव्हा त्यात काहीतरी घालून न्या, घरचा चिवडाही चालेल.